वहीतली चिंच

परवा माझ्या मुलीनं, ईशानं, लॅपटॉपवरची नजर न हलवता मला विचारलं, "बाबा, व्हॉट इज ॲप्लाइड अँथ्रोपॉलॉजी?"

तिचं कॉलेजं शोधणं चालू आहे. बारावीतली मुलगी आपल्याला काही विचारते म्हटल्यावर बापानं सावध व्हायला हवं. मी झालो नाही. मी म्हणालो, "पद्माताई."

"दॅट्स अ पर्सन, बाबा."

"हो ना. तेच सांगतोय."

तिनं कानात इयरफोन घातले. आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. ऐकायचं खातं अजून रिकामंच आहे. माझी बायको वृंदा सर्जरी वॉर्डात नर्स आहे आणि बेशुद्ध माणसं तिला जास्त आवडतात, असं ती माझ्या तोंडावर म्हणते. तेव्हा ही गोष्ट मी इथे सांगतो.

पद्माताई धाराशिवकडची. पुण्यात मानवशास्त्र शिकली आणि शिष्यवृत्ती मिळवून थेट ग्वाटेमालात गेली. हे तिनं पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा मी मोठ्या जाणकारीनं मान डोलावली आणि घरी येऊन तो देश आफ्रिकेत शोधला. तो मेक्सिकोच्या खाली निघाला. तिथे डोंगरात माया लोकांची गावं आहेत, आणि त्यातल्या एका गावात ती सहा वर्षं राहिली. पाण्याच्या टाक्या, बाळांची वजनं, विणकर बायकांची मंडळं, अशी विकासाची म्हणतात ती कामं. मग कुठून कुठून फिरत कुवेतला आली. मी तेव्हा महबूल्यातल्या एका खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. दवाखान्याच्या कंपनीनं अब्बासियातल्या कामगारांची साखर आणि रक्तदाब तपासायचा उपक्रम काढला होता. पद्माताई त्याची प्रमुख. तिच्याबरोबर सुया टोचायला एक माणूस हवा होता. लॅबमधून माझं नाव एकमतानं पुढे आलं. माझ्या हाताला कौशल्य आहे म्हणून, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे माझ्या गप्पांपासून लॅबला विश्रांती हवी होती.

ताई बुटकी, रुंद पावलांची. सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. खांद्याला लाल विणलेली पिशवी, तिच्यावर ओळीनं कोंबडे, आणि पिशवीत शाळकरी पोरांची असते तसली दोनशे पानी वही. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण पहिल्या दिवसापासून ती मला सतीशभाऊ म्हणायची.

तिला एक सवय होती. विचार करायला लागली की दोन्ही तळहात एकमेकांवर हळूहळू थापायची, उलटसुलट करत, आवाज न होऊ देता. मीटिंगमध्ये, गाडीत, लिफ्टची वाट बघताना. मला आधी वाटलं काहीतरी मज्जातंतूंचं दुखणं असावं. मी वृंदाला विचारूनही ठेवलं. शेवटी धीर करून ताईलाच विचारलं तर म्हणाली, "मक्याची भाकरी करायलेय हो."

माया बायका मक्याची भाकरी अशी दोन तळव्यांत थापतात. धाराशिवची मुलगी परातीत एका हातानं भाकरी थापणारी. तिला वाटलं, चला, भाषा येत नाही पण भाकरी तर येते. पहिल्याच आठवड्यात चुलीपाशी जाऊन बसली आणि आपल्या पद्धतीनं थापायला लागली. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. शेजारच्या गावातून बघायला आल्या. एवढी शिकलेली बाई आणि भाकरी जमिनीवर थापते.

"त्या दिवशी माझं काम सुरू झालं," ताई म्हणायची. "लोक आपल्याला हसेपर्यंत आपण नुसतेच साहेब असतो."

या हिशेबानं मी जन्मजात मानवशास्त्रज्ञ होतो, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. तिनं गंभीरपणे मान डोलावली.

तिच्या फजितीच्या गोष्टी तिनं स्वतःच सांगितल्या. शहाणपणाची एकही सांगितली नाही. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात उकळतात. ताईनं चुना पाहिलेला दोनच ठिकाणी, भिंतीवर आणि आजोबांच्या तंबाखूच्या डबीत. तिनं वरच्या ऑफिसला तातडीचा अहवाल धाडला, की या गावात मुलाबाळांना रंगसफेदी खायला घालतात. वरून एका ओळीचं उत्तर आलं. त्या चुन्यामुळेच तो मका अंगी लागतो, हजारो वर्षं ते तसंच करतायत, तुम्ही जेवलात का? ताईनं ते उत्तर वहीच्या पहिल्या पानावर डकवून ठेवलं होतं. प्रत्येक नवी वही घेतली की ते सोडवून नव्या वहीत डकवायचं. कागद पार मऊ पडला होता.

आता माझी फजिती. उपक्रमाचा फलक करायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत झोकात फलक करून घेतला: "मोफत मेडिकल! शुक्रवारी सकाळी." अब्बासियात एका किराणा दुकानाशेजारचा हॉल घेतला होता. खुर्च्या मांडल्या, सरबत ठेवलं, सुया तयार. सकाळी आठ ते बारा एकूण तीन माणसं आली. एक हॉलचा रखवालदार, एक रस्ता चुकलेला, आणि तिसऱ्याला सरबत हवं होतं.

मी खवळलो. या लोकांना फुकटाची किंमत नाही, आपल्या तब्येतीची पडलेली नाही, वगैरे जे जे आपण म्हणतो ते सगळं म्हटलं. ताई तळहात थापत फलकाकडे बघत होती. मग उठून शेजारच्या दुकानात गेली, तिथल्या पोत्यावर बसली, आणि येईल त्याला एकच विचारत राहिली: "मेडिकल म्हणजे काय हो?"

इथे राहणाऱ्या माणसाला मेडिकल म्हणजे काय ते ठाऊक असतं. मलाही होतं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मिळायच्या आधी जी तपासणी होते ती मेडिकल. तिच्यात माणूस फिट ठरतो नाहीतर अनफिट. अनफिट ठरला की विमान. मी स्वतः त्या रांगेत घाम पुसत उभा राहिलोय. आणि तोच शब्द हातभर अक्षरांत लिहून मी लोकांना सरबत प्यायला बोलावत होतो.

मला वाटलं, आता ताई मला फाडून खाणार. महबूल्याला परतताना गाडीत ती तळहात थापत होती. मग म्हणाली, "तुमचा शब्द मेडिकल. माझा यादी."

ती गोष्ट तिनं एकदाच सांगितली. त्या गावात बाळांची वजनं घ्यायची होती, आणि आया बाळांना आणीनात. ताईला कळेना. एक दिवस एका बाळाच्या मनगटात लाल दोरा दिसला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, दृष्ट! आपल्या आईनं आपल्या गालाला तीट लावली होती, आणि आपण इथे परक्यांच्या पोराला उघडं करून दहा माणसांसमोर काट्याला लटकवतोय. मग तोमासा नावाच्या म्हातारीशी तिनं सल्लामसलत केली. तोमासा त्या गावची सुईण, आणि चुलीपाशी सगळ्यांत जास्त हसलेली. तिनं तोड काढली. आजीनं बाळाला पदराआड घेऊन मोठ्या माणसांच्या काट्यावर उभं राहायचं, मग बाळ खाली ठेवून पुन्हा उभं राहायचं, आणि वजाबाकी ताईनं करायची. नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. बाळाच्या झोळीवर जे विणलेलं असेल ते वहीत लिहायचं. दोन कोंबडे, हरीण, निळा डोंगर. "दोन कोंबडे या महिन्यात अर्धा किलो वाढले," असं ताई सांगायची आणि आया खूश व्हायच्या.

मग वरच्या ऑफिसनं नावं मागितली. वाईट कशासाठी नाही, ब्लँकेटं वाटायची होती. ताईनं घरोघर विचारून नावांची यादी केली आणि पाठवून दिली. पुढच्या महिन्यात वजनाला एकही बाळ आलं नाही. तोमासानं तिच्याशी बोलणं टाकलं.

"त्या देशात यादवी झाली होती, तेव्हा सैन्य गावात यायचं ते यादी घेऊन," ताई म्हणाली. "यादीतली माणसं घरी परत आली नाहीत. तोमासाचा नवरा त्यातला. पुस्तकात मी हे वाचलं होतं, सतीशभाऊ. परीक्षेत लिहिलंही होतं. आणि त्याच गावात वही घेऊन दारोदार नावं लिहीत फिरले."

मी विचारलं, पुढे काय झालं? ती म्हणाली, ब्लँकेटं आली. चांगली होती, लोकरीची. कुणी पांघरली नाहीत.

एवढं बोलून तिनं खिडकीबाहेर बघितलं. मी, ज्याला गाडीत दोन मिनिटं शांतता सोसत नाही, रेडिओसुद्धा लावला नाही.

पुढच्या शुक्रवारी फलक नव्हता, हॉल नव्हता. ताई ज्वारीचं पीठ घेऊन अब्बासियातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर गेली, आणि तिच्यामागे सुयांची पेटी घेऊन मी. तिथे हसनचाचांची मेस होती. चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, साठीला टेकलेले, वीसेक कामगारांचं दोन वेळचं जेवण करायचे. दुकानात पोत्यावर बसून ताईनं जे ऐकलं होतं त्यात चाचांचं नाव चार जणांनी घेतलं होतं. चाचांच्या पायाला जखम आहे, दोन महिने भरत नाही, आणि ते कुणाला दाखवत नाहीत.

जुम्म्याची नमाज होऊन माणसं जेवायला परतली होती. ताईनं चाचांकडे तवा मागितला, परात मागितली आणि भाकरी थापायला बसली. पहिली उचलतानाच तुटली. दुसरी तव्यावर पडता पडता तुटली. तिसरीचा नकाशा झाला. सगळी खोली गोळा झाली. एक जण म्हणाला, बाई, ही भाकरी चमच्यानं खायची का?

चाचांना राहवेना. "सरका, सरका," म्हणत ते पुढे आले. तांदळाच्या पिठाची उकड काढून, तळहातावर फिरवत त्यांनी चंद्रासारखी भाकरी केली. ती करायला ते ओट्यापर्यंत चालले, तेव्हा सगळ्यांना दिसलं. एका पायात चप्पल होती, दुसऱ्याला फडकं आणि वरून दुकानाची प्लास्टिकची पिशवी.

मी नंतर ताईला विचारलं, भाकऱ्या मुद्दाम तोडल्यात ना? ती म्हणाली, "कुठं हो. पीठ जुनं होतं, विरी गेलेली, चिकटपणाच नाही. आईनं बघितलं असतं तर घरात घेतलं नसतं."

तर, चप्पल. ताईनं पायाचं नाव काढलं नाही. भाकरी खाता खाता सहज विचारलं, "चाचा, दुसरी चप्पल कुठंय?"

"घालवत नाय," चाचा म्हणाले. "मना काय झाला नाय. खरचटलाय जरासा."

"साखर बघू का? एक थेंब रक्त. हे भाऊ टोचतील, बोलतात फार, पण टोचतात हळू."

"नाव लिवणार?"

"नाही."

"मग काय लिवणार?"

ताईचे तळहात फिरायला लागले. "तुमच्या घरासमोर झाड कुठलं हाय?"

चाचांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाले, "चिंच."

ताईनं वहीत लिहिलं: चिंच. मी टोचलं. आकडा बघून माझ्या चेहऱ्यावर जे काही आलं असेल ते ताईनं माझ्या पायावर पाय देऊन पुसून टाकलं. मग बाकीच्यांनी आपापली झाडं सांगितली. आंबा, कडुनिंब, शेवगा, दोन नारळ. एक जण म्हणाला, आमच्या दारात झाड नाही, हातपंप आहे. लिहिलं, हातपंप. त्या दुपारी एकोणीस माणसं तपासून झाली.

चाचांनी ऑपरेशन करून घ्यायला हवं होतं, लगेच. नाहीतर पाय जाणार, हे वृंदानं माझ्याकडून वर्णन ऐकूनच सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी धावत जाऊन चाचांना भाषण दिलं. मधुमेह, रक्तवाहिन्या, गँगरीन. चाचा म्हणाले, माझा थोरला भाऊ असाच गेला, तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. मग का नाही येत? ते कांदा चिरत राहिले.

ताई तिसऱ्या दिवशी गेली आणि कांदा चिरायला शेजारी बसली. तासाभरानं इतकंच विचारलं, "तुम्ही दवाखान्यात असताना इथं स्वयंपाक कोण करंल?"

चाचांची सुरी थांबली. इकाम्याची भीती होतीच, पण ती वरवरची होती. खरी भीती ही, की दोन आठवडे ते नसले तर ही वीस माणसं उपाशी राहणार नाहीत, दुसरा आचारी बघतील, आणि मग चाचांना परत यायला ओटा उरणार नाही. बारा वर्षांचा तो ओटा. गावी सांगायला त्यांच्याकडे तेवढंच होतं.

मेसमधल्या माणसांनी मग पाळ्या लावून घेतल्या. चाचा येईपर्यंत बाहेरचा आचारी आणायचा नाही, आपणच करायचं. ताईनं दोन पाळ्या घेतल्या. मलाही एक दिली. त्या दिवशी मी केलेलं मटण खाऊन माणसं गप्प झाली, आणि त्यांच्यातल्या हातपंपानं हात जोडून विचारलं, चाचा कधी येणार? चाचांची जागा पक्की करण्यात माझा वाटा आहे, हे मी अजून सगळ्यांना सांगतो.

वृंदा स्वतः चाचांना तिच्या वॉर्डात घेऊन गेली. दोन बोटं काढावी लागली. पाय राहिला.

उपक्रम मात्र राहिला नाही. कंपनीला तपासलेल्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक हवा होता. आमचे मॅनेजर सरळ माणूस. त्यांना कुणाला पकडून द्यायचं नव्हतं, त्यांना रकाने भरून वर पाठवायचे होते. त्यांनी ताईची वही चाळली. पाच महिन्यांत तिच्यात अख्खं रान उगवलं होतं.

"हे चिंच कोण?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"नावं लिहिलीच नाहीत, साहेब," ताई म्हणाली. "लिहिली असती तर तुम्ही मागितल्यावर दिलीही असती. मी भित्री बाई आहे. म्हणून लिहिली नाहीत."

मॅनेजर माझ्याकडे वळले. तुम्ही तर सगळ्यांना ओळखता, म्हणाले. तुम्ही तरी सांगा.

मी आयुष्यात एकही गोष्ट पोटात ठेवलेली नाही. ताईला ते ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण टेबलाखाली तिचे हात थांबलेले मला दिसले.

मग मी मॅनेजरांना चिंचेची गोष्ट सांगायला सुरुवात केली. माझ्या मामाच्या गावी एक चिंच होती. तिला गाभुळलेल्या चिंचा कधी लागायच्या, मामी त्यांचं सार कसं करायची, मी फांदीवरून कसा पडलो, कोणता दात तुटला, वैद्य कोण होता, त्या वैद्याची मुलगी कुणाला दिली. वैद्याच्या जावयापर्यंत पोचलो तेव्हा मॅनेजरांनी घड्याळ बघितलं, वही मिटली आणि ताईकडे सरकवली.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "सतीशभाऊ, सहा वर्षं शिकून मला हे सुचलं नसतं." मला आजवर मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

पुढच्या महिन्यात तिचा करार संपला. वाढवला नाही. तिनं तक्रारही केली नाही. बीडकडे ऊसतोडीच्या बायकांसाठी काही काम निघतंय, तिकडे जाते म्हणाली.

ती निघाली तो शुक्रवार होता. अब्बासियातल्या त्याच इमारतीखाली टॅक्सी उभी होती, कारण मेसवाल्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. शेवगा, कडुनिंब, दोन्ही नारळ सगळे खाली आले होते. चाचांना वर थांबा म्हटलं होतं; लिफ्ट बंद होती आणि जखमेची जागा अजून हळवी होती. आम्ही बॅगा ठेवत होतो तेवढ्यात जिन्यात चटक-चटक आवाज झाला. कठडा धरून, एकेक पायरी मोजत चाचा उतरत होते. हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या.

ताईनं त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. आधी खाली बघितलं. दोन्ही पायांत चपला होत्या.

"तुमची तुटंल," चाचा पुडकं देत म्हणाले. "म्हनून."

ताई हसली, डोळे पुसून पुन्हा हसली, आणि टॅक्सीत बसली. मी काहीतरी निरोपाचं बोलायला तोंड उघडलं होतं, दार लागलं. गाडी वळणावर बसमागे थोडी अडकली तेव्हा मागच्या काचेतून ती दिसली. आमच्याकडे बघत नव्हती. पुडकं मांडीवर होतं, नजर समोर कुठेतरी, आणि दोन्ही तळहात एकमेकांवर हळूहळू थापणं चाललं होतं.